पान पिवळे पडतेय: नत्र कमी की लोह?

हिरवळ किंवा बागेतले एखादे झाड पिवळे पडू लागले की हात आपोआप युरियाच्या पिशवीकडे जातो. कधी आठवडाभरात झाड तरारून येते, तर कधी पिवळेपणा उलट वाढतो. वाढतो तेव्हा बऱ्याचदा झाडाला नत्र नव्हे, लोह हवे असते. लांबून पाहिले तर दोन्ही कमतरता सारख्याच दिसतात. पण त्यांची कारणे वेगळी, वर्षातला काळ वेगळा आणि उपाय तर अगदीच वेगळे. खत उचलण्याआधी झाडाजवळ बसून पाने नीट पाहिली, तर बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळते.

सगळ्यात आधी पाहायचे ते हे, की पिवळेपणा खालून सुरू झालाय की शेंड्यापासून.

नत्राची टंचाई झाली की झाड जुन्या पानांतली प्रथिने मोडते, त्यातले नत्र काढून घेते आणि कोवळ्या वाढीकडे पाठवते. त्यामुळे खालची, जुनी पाने आधी फिकट होतात. पान शिरांसकट एकसारखे पिवळे होते आणि मग गळते. शेंडा मात्र बराच काळ हिरवट राहतो, फक्त वाढ खुंटते आणि नवी पाने लहान येतात. गवतातही हेच घडते. खालची पाती टोकाकडून पिवळी होत जातात, संपूर्ण हिरवळ फिकी पडते आणि कापणी करण्याइतके गवत वाढतच नाही.

लोहाचे नेमके उलटे असते. ते एकदा पानात पोचले की तिथून फारसे हलत नाही, त्यामुळे जुने पान आपले लोह नव्या पानाला देऊ शकत नाही. खालची पाने गर्द हिरवी आणि शेंड्याची कोवळी पाने पिवळी, असे चित्र दिसले तर ते लोहाचेच लक्षण समजावे. पान उजेडासमोर धरा. शिरांची बारीक हिरवी जाळी आणि तिच्यामधली जागा लिंबासारखी पिवळी दिसेल. गवताच्या पात्यात शिरा समांतर असल्याने तिथे जाळीऐवजी हिरव्या-पिवळ्या उभ्या रेघा दिसतात. टंचाई तीव्र झाली की शिराही फिकट होतात, पान जवळजवळ पांढरे पडते आणि कडा करपतात. यालाच केवडा पडणे म्हणतात.

नत्राचा हरितद्रव्याशी संबंध सरळ आहे. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत मॅग्नेशियमच्या एका अणूभोवती नत्राचे ४ अणू बसलेले असतात. लोह त्या रेणूत कुठेच नसते, पण ते नसेल तर हरितद्रव्य तयार करण्याची प्रक्रियाच अडते. १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये युझेब ग्री यांनी लोहक्षाराचे द्रावण पिवळ्या पानांना लावून ती पुन्हा हिरवी होतात हे दाखवले होते. ही चाचणी आजही घरच्या घरी करता येते, तिच्याकडे पुढे येतोच.

आता कारणांकडे. नत्र कमी पडते तेव्हा ते बहुतेक वेळा खरोखरच संपलेले किंवा वाहून गेलेले असते. मातीतले नायट्रेट, म्हणजे मुळे शोषतात ते नत्राचे रूप, ऋणभारित असते आणि चिकणमातीचे कणही ऋणभारितच, त्यामुळे माती ते धरून ठेवत नाही. मोठ्या पावसात ते पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जाते. माती अनेक दिवस चिबड राहिली तर जिवाणू उरलेल्या नायट्रेटचे वायूत रूपांतर करतात आणि तेही हवेत जाते. म्हणून जोरदार पावसाळ्यानंतर हिरवळ एकसारखी फिकी पडली तर आधी नत्राचा संशय घ्यावा.

लोह मात्र मातीत असतेच. पृथ्वीच्या कवचाचा सुमारे ५ टक्के भाग लोहाचा आहे. अडचण असते ती त्याच्या विरघळण्याची. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-विम्लतेचे माप) एका अंकाने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता साधारण हजार पटींनी घटते. चुनखडीच्या जमिनीत सामू ७.५ ते ८.५ च्या दरम्यान असतो, आणि तिथे झाड लोहाच्या साठ्यावर उभे राहूनही उपाशी असते. वर क्षारयुक्त, बायकार्बोनेट जास्त असलेले पाणी वर्षभर देत राहिलो की कुंडीतली चांगली मातीही हळूहळू त्याच वाटेला लागते.

हे कुलूप उघडायला झाडांच्या दोन पद्धती आहेत, आणि मला या सगळ्या विषयातला हा भाग सर्वात सुंदर वाटतो. गुलाब, जास्वंद यांसारखी रुंद पानांची झाडे मुळांभोवती आम्ल सोडतात आणि लोहाचे रूप बदलून ते आत ओढतात. चुनखडीत हे आम्ल लगेच मारले जाते, म्हणून ही झाडे लवकर पिवळी पडतात. गवताची तऱ्हा वेगळी. लोह पकडून आणणारी सेंद्रिय द्रव्ये ते मुळांतून बाहेर सोडते आणि लोहासकट परत शोषून घेते. हे स्राव १९७६ मध्ये जपानी शास्त्रज्ञ ताकागी यांनी पुढे आणले. बार्लीसारख्या गवतवर्गीय पिकांत ते सूर्योदयानंतरच्या काही तासांत सर्वाधिक सुटतात. यामुळेच चुनखडीच्या एकाच जमिनीत शेजारची झुडपे केवड्याने पिवळी आणि हिरवळ ठीकठाक, असे अनेकदा दिसते. अर्थात गवतालाही मर्यादा आहेत. खूप चुनखडी असेल तर हिरवळीवर पिवळे ठिपके-पट्टे उमटतात. नत्राचा फिकेपणा सगळीकडे सारखा पसरतो, लोहाचा मात्र असा तुकड्यातुकड्यांत दिसतो.

वर्षाच्या चक्रात दोघांच्या वेळाही ओळखाव्यात. थंडी सरताना हवा उबदार होते, शेंडे फुटतात, पण माती अजून गार असते आणि मुळे सुस्त असतात. तेव्हा नवी पालवी पिवळसर दिसली तरी घाई करू नये. बऱ्याचदा माती तापली की ती आपोआप हिरवी होते. वाढीच्या ऐन भरात वारंवार कापल्या जाणाऱ्या हिरवळीला नत्र कमी पडते, विशेषतः कापलेले गवत गोळा करून फेकून दिले जात असेल तर. तेच गवत बारीक कापून जागीच राहू दिले तर वर्षभराच्या नत्राच्या गरजेचा साधारण चौथा हिस्सा त्यातूनच भागू शकतो. पावसाच्या किंवा अति पाण्याच्या दिवसांत दोन्ही कमतरता एकत्रही येतात. नत्र वाहून जाते आणि हवा न मिळालेल्या मुळांभोवती बायकार्बोनेट साचून लोह अडकते. अशा वेळी पहिले औषध म्हणजे पाणी थांबवून वाफसा येऊ देणे. पानगळीपूर्वी जुनी पाने पिवळी पडतात, ते तर झाडाने नत्र परत घेणेच आहे. तिथे काही करायचे नसते.

नत्राची खात्री करायची दोन साधी निरीक्षणे आहेत. फिक्या हिरवळीत जिथे क्लोव्हर (तीन पानांची छोटी शेंगवर्गीय वनस्पती) उगवले आहे तिथले गवत गर्द दिसते का? क्लोव्हरच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र धरून ठेवतात. आणि कुत्र्याने लघवी केलेल्या जागेभोवती गडद हिरवे वर्तुळ उमटले आहे का? असेल तर हिरवळ नत्रासाठी भुकेली आहे.

लोहासाठी चाचणी अशी. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस म्हणजे फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवा. संध्याकाळी एक-दोन कोवळ्या पिवळ्या पानांवर ब्रशने थेंब लावा. काही दिवसांत नेमके ते थेंब पडलेले ठिपके हिरवे झाले आणि बाकीचे पान पिवळेच राहिले तर कमतरता लोहाची. हिरवा ठिपका पसरत नाही, कारण लोह पानातल्या पानातही फारसे सरकत नाही. मातीत मोकळा चुना आहे का हे पाहायला कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. फेस आला तर चुना आहे.

उपाय चुकला की नुकसान होते, ते इथे. लोह कमी असताना युरिया दिला तर नवी पालवी जोरात फुटते, तिला आणखी लोह लागते आणि पिवळेपणा वाढतो. नत्र खरोखरच कमी असेल तर हिरवळीला एका वेळी चौरस मीटरला ५ ग्रॅम नत्र पुरे, म्हणजे साधारण ११ ग्रॅम युरिया. तो कोरड्या पात्यांवर टाकून लगेच पाणी द्यावे, नाहीतर पाती भाजतात. गवत ज्या काळात जोमाने वाढते तेव्हाच द्यावा. उष्ण हवामानाच्या गवताला उन्हाळ्यात, थंड हवामानाच्या गवताला वसंतात आणि शरदात. चुनखडीच्या जमिनीत युरियाऐवजी अमोनियम सल्फेट बरे, ते मुळांजवळचा सामू थोडा खाली आणते.

लोहासाठी हिराकशीची फवारणी पटकन काम करते. गवत एक-दोन दिवसांत गडद होते, पण पुढच्या काही कापण्यांबरोबर तो रंगही निघून जातो. मातीतून द्यायचे असेल तर हिराकस चुनखडीत लगेच निकामी होते, तिथे चिलेटेड लोह, म्हणजे सेंद्रिय रेणूने धरून विद्राव्य ठेवलेले लोह, लागते. पाकिटावरचा प्रकार वाचून घ्या. ईडीटीए प्रकार सामू ६.५ च्या वर टिकत नाही, डीटीपीए सुमारे ७.५ पर्यंत चालतो, ईडीडीएचए त्याहून बराच वर. तो महाग असतो, तरी चुनखडीत बाकीचे दोन वापरणे म्हणजे पैसे मातीत घालणेच. गंधकाने सामू उतरतो, पण ते काम जिवाणूंचे आहे, त्याला महिने लागतात आणि मोकळा चुना भरपूर असेल तर उपयोग अगदी कमी.

एक तिसरी शक्यता लक्षात ठेवा. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, पण पाने खालची, जुनी असतील तर ती मॅग्नेशियमची कमतरता आहे. तिथे ना युरिया चालतो ना हिराकस. आणि हिराकस फवारताना फरशी, कठडे, कपडे जपा. त्याचे गंजाचे डाग सहजासहजी निघत नाहीत, म्हणून दाणे फरशीवर सांडले तर पाणी मारण्याआधी झाडून घ्या.