हिमसाखळी

हिमसाखळी : बर्फ साचलेल्या किंवा गोठलेल्या रस्त्यावर मोटारीच्या चाकांना पकड मिळावी म्हणून टायरवर तात्पुरती चढवायची पोलादी कड्यांची जाळी. डोंगराळ भागातले चालक तिला नुसते ‘चेन’ म्हणतात. हिमाचल-काश्मीरला जाऊन आलेल्या मराठी प्रवाशांच्या तोंडीही ‘चेन लावणे’, ‘चेन चढवणे’ हेच रुळले आहे.

रबरी टायर आणि कोरडा डांबरी रस्ता यांच्यातील घर्षणगुणांक साधारण ०.७ ते ०.८ असतो. चाकांखाली दाबल्या गेलेल्या बर्फावर तो ०.२ ते ०.३ वर येतो आणि काचेसारख्या गुळगुळीत बर्फावर ०.१ च्या आसपास किंवा त्याहून खाली घसरतो. अशा पृष्ठभागावर साखळी घर्षण वाढवून फारसे काही साधत नाही. ती बर्फात रुतते. एरवी टायरच्या तळव्याइतक्या जागेवर पसरणारे वजन काही थोड्या कड्यांवर एकवटते, कड्या बर्फात शिरतात आणि चाक पुढे सरकायचे तर समोरचा बर्फ कातरावा लागतो. त्या बर्फाच्या प्रतिकाराच्या आधारावर गाडी पुढे जाते. कोकणातल्या भातखाचरात चिखलणी करताना पॉवर टिलरला लोखंडी पिंजऱ्याची चाके लावतात, त्यामागचे तत्त्वही हेच.

उगम : मोटारीच्या हिमसाखळीचे जनकत्व सामान्यतः अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातील कॅनस्टोटा गावच्या हॅरी डी. वीड यांना दिले जाते. ‘हवा भरलेल्या टायरसाठी पकड देणारी धाव’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे त्यांचे ७,६८,४९५ क्रमांकाचे अमेरिकी पेटंट २३ ऑगस्ट १९०४ रोजी मंजूर झाले. चिखलात आणि बर्फात अडकलेले चालक टायरला दोर, क्वचित वेलीसुद्धा गुंडाळत; ते पाहून वीड यांना कल्पना सुचली असे सांगितले जाते. ही हकीकत वीड यांच्या घराण्यातून आलेली आहे, त्यामुळे तिचा तपशील जपूनच घ्यावा. मात्र दोर गुंडाळण्याची युक्ती वीड यांच्या आधीची होती, एवढे त्यातून मान्य होते.

जनकत्वाचा खरा वाद दोरांचा नाही, पार्सन्स या दुसऱ्या पेटंटधारकाचा आहे. वीड यांच्या आधी, सुमारे १९०३ मध्ये, पार्सन्स यांना घसरणरोधक साखळीचे अमेरिकी पेटंट मिळाले होते. पुढील दशकात साखळी बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये कोर्टात जे दावे चालले, त्यांत वीडच्या नावाने विकल्या जाणाऱ्या साखळ्यांच्या रक्षणासाठीही पार्सन्स यांच्याच पेटंटाचा आधार घेण्यात आला. वरकरणी दोन्ही रचना सारख्या दिसतात : टायरच्या दोन्ही कडांना दोन गोल साखळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या साखळ्या. फरक आहे तो साखळी चाकावर टिकते कशी, यात. वीड यांच्या पेटंटात साखळी केवळ टायरमधील हवेच्या फुगाऱ्याने जागेवर राहते असे म्हटले आहे. म्हणजे टायरची हवा थोडी कमी करायची, साखळी घालायची आणि मग हवा भरून ती आवळायची. पार्सन्स यांच्या साखळीत थोडा सैलपणा मुद्दाम ठेवलेला होता. चाक फिरताना ती निसटत नाही, पण टायरभोवती हळूहळू पुढे सरकत राहते. त्यामुळे आडव्या कड्या रबराच्या एकाच जागी रुतून बसत नाहीत आणि झीज टायरच्या संपूर्ण परिघावर वाटली जाते.

हा फरक बारीक वाटला तरी कळीचा आहे. आजचे साखळी उत्पादक टायरमधील हवा कमी करू नये असे बजावतात आणि साखळी थोडी सरकणे स्वाभाविक मानतात. म्हणून पेटंटाच्या तारखा आणि वीड हे नाव बाजूला ठेवून केवळ कार्यतत्त्वाकडे पाहिले, तर आजची साखळी रूपाने वीड यांची असली तरी चालीने पार्सन्स यांच्या अधिक जवळची आहे, हे मत सयुक्तिक वाटते.

प्रकार : सर्वांत साधी ती शिडीची साखळी, तिच्या आडव्या ओळी शिडीच्या पायऱ्यांसारख्या दिसतात. ती स्वस्त असते आणि चढावर चांगली ओढ देते. मात्र दोन ओळींच्या मधला टायर उघडा राहत असल्याने धक्के बसतात आणि आडवे घसरणे तिला नीट रोखता येत नाही. चौकटीच्या, म्हणजे समभुज चौकोनांच्या नक्षीच्या साखळीत काही कड्या कायम रस्त्याला टेकलेल्या असतात, त्यामुळे वळणावरही पकड राहते. घाटरस्त्यांसाठी शिडीपेक्षा चौकटीची साखळी केव्हाही चांगली.

कड्यांच्या जाडीनुसार मोटारींच्या साखळ्या बहुधा ७, ९ किंवा १२ मिलिमीटरच्या आणि जीपवर्गीय गाड्यांच्या १६ मिलिमीटरपर्यंतच्या असतात. पॉलियुरेथेन या लवचिक प्लास्टिकच्या पट्ट्या आणि टायरवर मोज्यासारखी चढवायची कापडी आवरणेही मिळतात. कापडी आवरण हलके व बिनआवाजाचे असते, पण उघड्या डांबरावर लवकर फाटते.

निवड : साखळी गाडीच्या नावावरून घ्यायची नसते, टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्यांवरून घ्यायची असते. उदाहरणार्थ, १९५/६५ आर १५ या टायरची रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिमचा व्यास १५ इंच असतो. हिशेब केला तर चाकाचा व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर येतो. २०५/५५ आर १६ या टायरचा व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर भरतो. त्यामुळेच एकाच मापाच्या साखळीच्या खोक्यावर वेगवेगळ्या रिमचे आकडे छापलेले आढळतात. त्यात चूक काही नाही.

याहून दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे टायरभोवतीची मोकळी जागा. चाकाच्या आतल्या बाजूला सस्पेन्शनचे भाग, ब्रेकचा होज आणि मडगार्डचे अस्तर अगदी जवळ असतात. अमेरिकेतील ‘एसएई’ या मोटार अभियंत्यांच्या संस्थेच्या वर्गवारीनुसार ‘एस’ वर्गाच्या, म्हणजे सर्वांत कमी जागा लागणाऱ्या साखळीसाठीसुद्धा टायरच्या तळव्यावर किमान ३७ आणि बाजूला १५ मिलिमीटर जागा मोकळी असावी लागते. मूळ टायर काढून रुंद टायर बसवलेल्या गाडीत एवढी जागा उरत नाही. काही गाड्यांच्या पुस्तिकेत साखळी लावूच नये असे लिहिलेले असते, ते पाळावे. युरोपात ऑस्ट्रियाचे ‘व्ही ५११७’ हे मानक दीर्घकाळ प्रमाण मानले गेले; २०२० मध्ये ‘ईएन १६६६२-१’ हे सामाईक मानक आले.

बसवणी : साखळी इंजिनाची ताकद ज्या चाकांना मिळते त्यांना लावतात. स्विफ्ट, आल्टो, क्रेटा यांसारख्या गाड्यांत ती पुढची चाके असतात. बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा यांत मागची. इनोव्हा हायक्रॉस मात्र नावाने इनोव्हा असूनही पुढच्या चाकांवर चालते. भाड्याने साखळी घेताना इथे हमखास घोळ होतो. चारही चाके चालणाऱ्या गाडीत कोणत्या जोडीला साखळी लावायची हे पुस्तिकेत पाहावे. पुढच्या चाकांना साखळी असलेल्या गाडीचा ब्रेक उतारावर जोरात दाबला, तर पुढचा भाग थांबतो आणि मागचा फिरून पुढे येऊ पाहतो. शक्य असेल तेव्हा चारही चाकांना साखळी लावावी ती यासाठी.

गाडी सपाट जागी, रहदारीपासून दूर थांबवून हँडब्रेक ओढावा. साखळी आधी जमिनीवर पसरून गुंता सोडवावा. आडव्या कड्यांच्या टोकांचे आकडे (हूक) टायरपासून बाहेरच्या दिशेला उघडे राहतील अशी ती धरावी. उलटी बसली तर ती टोके रबर कापतात. चौकटीच्या साखळीत आतल्या बाजूला पोलादी तारेचे लवचिक कडे असते. ते चाकामागून सरकवून त्याची टोके वरच्या बाजूला जोडतात, मग नक्षी टायरवर ओढून बाहेरचा आकडा अडकवतात आणि शेवटी ताणाची साखळी ओढून तिचे टोक ठरलेल्या जागी अडकवतात. क्रम कायम आधी आत, मग बाहेर. हातमोजे भिजले की बोटे बधिर होतात आणि आतला आकडा नुसत्या चाचपण्याने जोडावा लागतो; म्हणून निघण्यापूर्वी घरच्या अंगणात कोरड्या जमिनीवर दोनदा तरी सराव करावा. थोडे म्हणजे ५० ते १०० मीटर अंतर गेल्यावर उतरून साखळी पुन्हा ताणावी. हा टप्पा सर्रास टाळला जातो आणि सैल राहिलेली साखळी मडगार्डवर आपटते ती त्यामुळेच.

साखळीवर वेग ताशी ५० किलोमीटरच्या आत ठेवतात; उत्पादकाने कमी मर्यादा दिली असल्यास तीच खरी. उघडे डांबर लागले की साखळी काढावी. नाहीतर आडव्या कड्या झिजून तुटतात आणि तुटलेला तुकडा फिरता फिरता ब्रेकच्या होजवर आदळतो. काढलेली साखळी गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून ठेवावी.

नियम : निळ्या गोलात साखळी चढवलेल्या टायरचे चित्र असलेली पाटी दिसली की युरोपात पुढील रस्त्यावर साखळी सक्तीची असते. फ्रान्समध्ये १ नोव्हेंबर २०२१ पासून ठरावीक डोंगराळ भागांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात हिवाळी टायर किंवा साखळी आवश्यक आहे. कॅलिफोर्नियात साखळीच्या सक्तीच्या आर-१, आर-२ आणि आर-३ अशा चढत्या पायऱ्या आहेत. आर-३ मध्ये कोणत्याही वाहनाला सूट नाही.

भारत : काश्मीरमध्ये तनमर्ग ते गुलमर्ग या सुमारे १३ किलोमीटरच्या चढाच्या रस्त्यावर हिवाळ्यात साखळी लावलेल्या वाहनांनाच सोडण्यात येते, त्यामुळे बहुतेक पर्यटक तनमर्गला आपली गाडी सोडून स्थानिक चालकाच्या साखळीवाल्या गाडीत बसतात. हिमाचलमध्ये ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि पूर्वी हिवाळ्यात बंद असणाऱ्या लाहौलकडे भर थंडीत पर्यटकांच्या गाड्या जाऊ लागल्या. बोगद्याच्या आत बर्फ नसतो. धोका असतो तो बोगद्याच्या मनालीकडील सोलंग आणि धुंदी या ठिकाणांच्या बाजूच्या उतारांवर, जिथे दिवसा वितळलेले पाणी रात्री पारदर्शक थर होऊन गोठते आणि डांबर फक्त ओले दिसते. बर्फ पडल्यावर पोलीस तिथे चारही चाके चालणाऱ्या किंवा साखळी लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस याच पट्ट्यात हजारो पर्यटक बर्फात अडकले होते.

मुंबई-पुण्याहून स्वतःच्या गाडीने मनालीला जाणाऱ्यांनी साखळी घरीच, आपल्या टायरच्या आकड्यांप्रमाणे घ्यावी. रस्त्याकडेला भाड्याने मिळणारी साखळी बहुतेकदा दुसऱ्याच टायरच्या मापाची निघते आणि दोरी किंवा तारेने आवळून बसवली जाते. अशी साखळी पहिल्या दोन वळणांतच चाकाच्या आत उतरते.