रिफ्यूट आणि कन्फ्यूट: खोटं ठरवणं आणि निरुत्तर करणं

‘रिफ्यूट’ इंग्रजी वर्तमानपत्रांत नेहमी दिसतं. ‘कन्फ्यूट’ मात्र जुन्या निबंधांत आणि धर्मवादाच्या ग्रंथांतच जास्त भेटतं. कोशात दोन्हींपुढे ‘खंडन करणे’ एवढंच सापडतं. पण दोघांचा रोख वेगळा आहे आणि तो फरक जपण्यासारखा आहे.

रिफ्यूट करायचं ते मुख्यतः दाव्याला. सडक्या मांसात अळ्या आपोआप उपजतात, असं लोक मानत. फ्रान्चेस्को रेदी या इटालियन वैद्याने १६६८ मध्ये काही भांड्यांची तोंडं झाकून, काहींची उघडी ठेवून पाहिलं. माश्या जिथे मांसापर्यंत पोचल्या, तिथेच अळ्या झाल्या. इथे कुणाला गप्प करायचं नव्हतं, समजूत तेवढी खोटी ठरली.

कन्फ्यूटमध्ये प्रतिपक्षाचं तोंड बंद होणंही येतं. वादात आपण ‘निरुत्तर केलं’ म्हणतो, ते याच्या सर्वांत जवळचं. दोन्ही क्रियापदं लॅटिनमधून आली आणि सोळाव्या शतकात इंग्रजीत रुळली. ‘रेफुतारे’ म्हणजे मागे हटवणं, ‘कोन्फुतारे’ म्हणजे आवरणं, दाबून टाकणं. मूळ धातू बहुधा ‘मारणे’ या अर्थाचा. उकळत्या पाण्यात गार पाणी ओतून ते शांत करणं, अशीही एक जुनी व्युत्पत्ती सांगतात. ती मोहक आहे, पण आजचे अभ्यासक तिच्यावर फारसा भरवसा ठेवत नाहीत.

धर्मवादाच्या त्या शतकाला ‘कन्फ्यूट’ फार मानवला. १५३० मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला धर्मसुधारक मार्टिन लुथरच्या अनुयायांनी, म्हणजे लुथरपंथीयांनी, सम्राट पाचव्या चार्ल्सपुढे आपलं श्रद्धापत्र मांडलं. कॅथलिक पंडितांचं उत्तर ३ ऑगस्टला वाचलं गेलं, त्याचं नाव ‘कन्फुतातिओ’. त्याची प्रत हवी तर जाचक अटी मान्य करा, असं लुथरपंथीयांना सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला. तरी त्यांच्यातल्या काहींनी ऐकताना केलेल्या टिपणांवरून त्यांचा पंडित मेलांख्तोन याने प्रत्युत्तर लिहायला घेतलंच. म्हणजे नाव निरुत्तर करण्याचं आणि समोरून पुन्हा उत्तर! दोनच वर्षांनी लंडनमध्ये कॅथलिक लेखक थॉमस मोरनेही बायबलचा इंग्रजी अनुवादक टिंडल याच्याविरुद्धच्या ग्रंथाच्या नावात हाच शब्द घातला.

आज खरी ओढाताण होते ती रिफ्यूटची. मंत्र्याने नुसता आरोप नाकारला, तरी बातमीत ‘रिफ्यूट’ येतं आणि पुरावा न देताच आरोप खोटा ठरल्यासारखं वाटतं. तिथे ‘डिनाय’ लिहावं. पुरावा पुढे केला असेल, पण निकाल लागायचा असेल, तर ‘रिबट’ पुरेसं आहे.