लोगो एक, पण कापड एक नको

लोअर परळ-साकीनाक्याच्या गाळ्यांत टी-शर्ट छापणाऱ्यांकडे कोकण-गोव्याच्या एखाद्या सर्फ रिट्रीटची, म्हणजे सर्फिंग शिकायला मुक्कामी जायच्या ठिकाणाची, ऑर्डर आली की ती साधारण अशी असते: छातीवर लोगो, पाठीवर मोठं नाव, पाहुण्यांना आणि स्टाफला एकच माल. पुढचं बोलणं होतं जीएसएम, म्हणजे कापडाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन, आणि दरावर. कापडातून ऊन किती आत येईल, हे फारसं कुणी विचारत नाही.

माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा. पाहुणा तो शर्ट चार दिवस घालतो आणि आठवण म्हणून घरी नेतो. सर्फिंग शिकवणारी मुलं पाऊस ओसरल्यापासून मे महिन्यापर्यंत रोज कंबरभर पाण्यात उभी असतात. मेच्या मध्यावर मुंबईत शून्य सावली दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. या दिवसांत दुपारचा अतिनील निर्देशांक ११ च्या पुढे जातो आणि जागतिक आरोग्य संघटना ११ पासून पुढच्या पातळीला ‘अतितीव्र’ म्हणते. त्यात लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो, म्हणजे ऊन खालूनही लागतं. या मुलांच्या अंगावरचा शर्ट हे त्यांचं संरक्षण आहे. लोगो त्यानंतर.

कापड किती किरण अडवतं हे यूपीएफ या आकड्यात मोजतात. ही मोजणी ऑस्ट्रेलियात रुजली आणि तिथलं पहिलं मानक १९९६ मध्ये आलं. यूपीएफ ५० म्हणजे पन्नासातला एकच भाग, २ टक्के, त्वचेपर्यंत पोचतो. साध्या पांढऱ्या सुती टी-शर्टचा यूपीएफ कोरडा असताना ७ च्या आसपास असतो. भिजला की ३ पर्यंत उतरतो. म्हणजे एक तृतीयांश अतिनील किरण थेट आत.

हे का होतं, ते वड्याचं तेल प्यायलेल्या कागदाकडे पाहिलं की कळतं. कोरड्या कागदात धागे आणि हवा यांच्या असंख्य सीमांवर प्रकाश विखुरतो, म्हणून कागद अपारदर्शक दिसतो. हवेची जागा तेलाने घेतली की विखुरणं कमी होतं आणि पलीकडचं दिसू लागतं. ओल्या सुती कापडात तेलाचं काम पाणी करतं. वर सुती कापड पाणी धरून बसतं, जड होतं, बोर्डावर पालथं पडून हात मारताना काखेत आणि छातीला घासतं. वाळताना मागे राहिलेलं मीठ ते घासणं आणखी वाढवतं.

पॉलिएस्टरच्या रेणूंच्या साखळीत बेंझिनची वलयं असतात आणि ती स्वतःच अतिनील किरणांचा बराच भाग शोषतात. हवेतला ओलावा सुती धागा ८.५ टक्क्यांपर्यंत घेतो, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणून पाण्यात घालायचे अंगाबरोबरचे रॅशगार्ड पॉलिएस्टर किंवा नायलॉनमध्ये थोडं इलास्टेन, म्हणजे बोलीतलं लायक्रा, मिसळून विणतात. मात्र माप लहान घेऊ नये. कापड ताणलं की वीण उघडते आणि यूपीएफ घसरतो. फिटिंग छान दिसावं म्हणून एक साइज कमी मागवणारे हेच विसरतात.

आता छपाई. पॉलिएस्टरवर सर्वांत टिकाऊ पद्धत सबलिमेशनची. कागदावर छापलेला डिस्पर्स रंग, म्हणजे पॉलिएस्टरसाठी वापरतात तो रंग, हीट प्रेसखाली १९० ते २०० अंशांना, मिनिटभराच्या आत, घन अवस्थेतून सरळ वायू होतो. त्याच उष्णतेत पॉलिएस्टरच्या साखळ्या सैल झालेल्या असतात, त्यामुळे रंगाचे रेणू धाग्याच्या आत शिरतात आणि थंड झाल्यावर तिथेच अडकतात. वर थर नसतो, त्यामुळे तडकायला, सोलायला काही उरत नाही. सुती धाग्याला हे रेणू धरवत नाहीत. दोन धुण्यांत डिझाइन फिकं पडतं.

स्क्रीन प्रिंटमधल्या प्लॅस्टिसॉल या प्लॅस्टिकच्या शाईचा थर मात्र कापडाच्या वर बसतो. सुती शर्टावर तो उत्तम टिकतो, ताणणाऱ्या कापडावर भेगाळतो. शिवाय लाल पॉलिएस्टरवर पांढरा लोगो छापला की काही दिवसांत तो गुलाबी होतो, ही तक्रार प्रत्येक छापणाऱ्याने ऐकलेली असते. दोष शाईचा नसतो. प्लॅस्टिसॉल पक्कं करायला साधारण १६० अंश लागतात आणि तेवढ्या उष्णतेत कापडातला डिस्पर्स रंग सुटून वरच्या थरात चढतो. सबलिमेशनमध्ये जो गुण कामी येतो, तोच इथे आड येतो. उपाय आहेत: कमी तापमानाला पक्की होणारी शाई, किंवा खाली रंग अडवणारा करडा थर.

स्टाफच्या शर्टाच्या रंगाचाही विचार हवा. निळा आणि पांढरा ब्रँडला शोभतात, पण लाटा आणि फेसात दिसेनासे होतात. घाबरलेल्या नवशिक्याला आपला शिक्षक एका नजरेत सापडायला हवा. फ्लोरोसंट पिवळा किंवा केशरी रंग अतिनील आणि निळा प्रकाश शोषून तो दृश्य रंगात परत सोडतो, म्हणून आजूबाजूपेक्षा उजळ दिसतो. पण हे रंग उन्हात लवकर विटतात, त्यामुळे स्टाफचे शर्ट दर हंगामाला बदलायची तयारी ठेवावी लागते.

पाहुण्यांसाठी सुती टी-शर्टच बरा. संध्याकाळी किनाऱ्यावर बसायला मऊ, घरी रोज घालण्याजोगा, आणि धुताना प्लॅस्टिकचे बारीक तंतू पाण्यात न सोडणारा. पाण्यात उतरताना वापरायला त्यांनाही रॅशगार्ड द्यावेत, ते रिट्रीटकडेच ठेवून.

मोठी ऑर्डर देण्याआधी कापडाचा तुकडा तपासून घेणं मुंबईत अवघड नाही. वरळीला सस्मिरा आणि घाटकोपरला बीटीआरए या वस्त्रोद्योग संशोधन संस्था आहेत, दोन्हीकडे कापडाच्या चाचण्या होतात. समुद्राच्या पाण्यात रंग किती टिकतो यासाठी आयएसओ १०५-ई०२ ही स्वतंत्र चाचणी आहे, प्रकाशासाठी १०५-बी०२. छापणाऱ्याला दर विचारताना हे दोन क्रमांकही विचारावेत, आणि स्टाफच्या कापडासाठी यूपीएफचा अहवाल मागावा.