आंबटाला वास नसतो

तालुक्याच्या बाजारात मिळणाऱ्या बॉडी स्प्रेच्या बाटल्यांवर हल्ली लाल-जांभळ्या फळांची चित्रं दिसतात. क्रॅनबेरी, ब्लॅककरंट, असं काहीबाही. फवारा मारला की तोंडाला पाणी सुटेल इतका आंबटसर भास होतो. पण आंबटाला मुळात वासच नसतो.

संक्रांतीच्या सुमारास वावराच्या धुऱ्यावर गावरान बोरं पिकलेली असतात. त्यातलं एक नाक घट्ट दाबून खाऊन पाहा. आंबट लागेल, जरा गोड, जरा तुरट, पण बोर खातोय असं वाटणार नाही. नाक सोडलं की घशामागून वास वर चढतो आणि मगच बोराची ओळख पटते. आंबटपणा असतो सायट्रिक, मॅलिक अशा आम्लांचा. ती पाण्यात विरघळतात, हवेत उडत नाहीत, म्हणून नाकापर्यंत पोचत नाहीत. जिभेवर मात्र त्यांच्यातले प्रोटॉन पेशींत शिरतात. ज्या प्रथिनाच्या वाटेने ते शिरतात त्या ‘ओटॉप-1’चा शोध 2018 मध्ये अमेरिकेतल्या एमिली लिमन यांच्या प्रयोगशाळेने जाहीर केला. (व्हिनेगरचं आम्ल उडतं खरं, पण ते नाकाला झोंबतं, ते कोण अंगाला लावणार?)

म्हणजे परफ्युममधला आंबटपणा ही मेंदूची सवय आहे. लिंबू, कैरी, बोर खाताना जे वास जिभेवरच्या आंबटाबरोबर आले, ते पुढे एकटे आले तरी मेंदू आंबट जोडून देतो.

फळातून थेट सुगंध काढावा, तर तेही जमत नाही. सातपुड्यातलं रोशा गवत भट्टीवर चढवलं की वाफेबरोबर तेल निघतं. त्यात मुख्यतः जिरॅनिऑल, म्हणजे गुलाबासारखा वास. हे तेल एकेकाळी मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाऊन गुलाबाच्या तेलात भेसळीला वापरलं जाई! बोराचा किंवा बेरीचा गर त्याच भट्टीत घातला तर शिजलेल्या मुरंब्याचा वास येईल, हाती तेल काही लागणार नाही. गर म्हणजे बहुतांश पाणी आणि साखर. रासबेरीची ओळख असलेलं रासबेरी कीटोन किलोभर फळात जेमतेम 1 ते 4 मिलिग्रॅम असतं. त्यामुळे परफ्युममधली बेरी बहुतेक वेळा प्रयोगशाळेतल्या रेणूंची जुळवाजुळव असते.

ब्लॅककरंटने यातून वेगळीच वाट दिली. फळ बाजूला ठेवून त्याच्या झुडपाच्या कळ्या वापरायच्या. आपल्याकडे बोरं उतरतात त्याच थंडीत फ्रान्समधल्या बर्गंडी भागात या कळ्या तोडतात आणि द्रावकात भिजवून त्यांचा अर्क काढतात. 1969 मध्ये गेर्लँ या फ्रेंच परफ्युम कंपनीच्या ‘शामाद’ या परफ्युममध्ये तो ठळकपणे वापरला गेला. अर्काचा वास हिरवा, फळासारखा आणि, नाक मुरडू नका, मांजराच्या मुतासारखा. त्याला कारण गंधकयुक्त रेणू, थायॉल. मांजराच्या मुतातही त्यांचाच जवळचा भाऊबंद असतो. मात्रा जास्त झाली की मांजर, अगदी कमी झाली की रसरशीत आंबट फळ. अशा काही थायॉलांचं प्रमाण लिटरभर द्रवात नॅनोग्रॅमभर असलं तरी नाकाला कळतं. म्हणून त्यांच्याशी खेळताना हात फार जपून चालवावा लागतो.

जाता जाता सांगतो, आपल्या ताडोबातल्या थोरल्या मांजराचा मामला उलटा आहे. वाघ हद्द आखायला जो फवारा मारतो, त्यात बासमतीला वास देणारा रेणू असल्याचं शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी दाखवलं होतं. मोहाच्या फुलातही तोच रेणू सापडतो.

मग बोराचं परफ्युम का होऊ नये? पद्धत तयार आहे. फळाभोवतीची हवा गोळा करायची, गॅस क्रोमॅटोग्राफमधून तिचे घटक सुटे करायचे, प्रत्येकाचा वास माणसाच्या नाकानेच तपासायचा आणि मोजके निवडून पुन्हा जुळवायचे. आधी एवढंच ठरवायला हवं, की वास झाडावरच्या हिरव्या-पिवळ्या बोराचा हवा, उन्हात सुरकुतलेल्याचा की बोरकुटाचा. माझं मत बोरकुटाला.