रिपीटर घ्यावा की मेश?

हॉलमध्ये वायफाय पळतं आणि आतल्या खोलीत मान टाकतं, हे गाऱ्हाणं घेऊन दुकानात गेलं की समोर दोन पर्याय येतात. एक दीड-दोन हजारांचा, थेट प्लगमध्ये खोचायचा रिपीटर. त्यालाच एक्स्टेंडर म्हणतात. दुसरा दोन-तीन डब्यांचा मेश संच, किंमत त्याच्या तिप्पट-चौपट. ‘दोन्हींनी रेंज वाढते,’ असं दुकानदार सांगतो. खरं आहे, पण प्रश्न रेंजचा नसतोच. आतला डबा बाहेरच्या डब्याशी कसा बोलतो, याचा असतो.

साधा रिपीटर निरोप्यासारखा. आधी पूर्ण ऐकणार, मग पुढच्याला सांगणार. रेडिओ एकच, चॅनलही एकच, त्यामुळे डेटाचा प्रत्येक तुकडा (पॅकेट) हवेतून दोनदा जातो आणि वेग जवळपास निम्मा होतो. ड्युअल बँड, म्हणजे दोन फ्रिक्वेन्सी पट्ट्यांवर चालणारा रिपीटर राउटरशी 5 गिगाहर्ट्‌झवर आणि फोनशी 2.4 वर बोलू शकतो. तेव्हा ही ओढाताण कमी होते.

रिपीटर बदनाम होतो तो मात्र जागेमुळे. जिथे रेंज नाही नेमक्या त्याच खोलीत लोक तो लावतात. तिथे त्यालाच राउटरचं धड ऐकू येत नाही, तर तो पुढे काय सांगणार? फोनवर मात्र रेंज फुल्ल दिसते, कारण फोन मोजतो तो हाताशी असलेल्या रिपीटरचा सिग्नल. मग ‘रेंज आहे पण नेट नाही’ म्हणत कंपनीला फोन सुरू होतात. रिपीटर वाटेत लावायचा, पॅसेजमध्ये वगैरे. अँड्रॉइडवर वायफाय मोजणारं एखादं ॲप उघडून राउटरचा सिग्नल उणे 65 ते उणे 70 डीबीएमच्या आसपास मिळतो ती जागा शोधा (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला). उणे 80 दिसत असेल तर तिथे रिपीटर लावून काही साधणार नाही.

मेशमध्ये डबे एकमेकांना ओळखून असतात. सगळ्यांचं नाव एक, सेटिंग एकाच ॲपमधून, कोणाचा डेटा कोणत्या डब्यामार्फत जाणार हेही तेच ठरवतात. तुम्ही हॉलमधून आत गेलात की ‘आता जवळचा डबा पकड’ असं ते फोनला सुचवतात, त्यासाठी 802.11 के, व्ही आणि आर ही मानकं आहेत. रिपीटरला राउटरचंच नाव आणि पासवर्ड दिला म्हणून त्याचा मेश होत नाही. नाव एक दिसतं, आतला समन्वय नसतो.

पण सुचवणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. डबा कधी बदलायचा याचा शेवटचा निर्णय फोनचा किंवा लॅपटॉपचा. ॲपलच्या कागदपत्रांप्रमाणे आयफोन उणे 70 डीबीएमला दुसरा डबा शोधायला लागतो, मॅक उणे 75 ला. म्हणजे एकाच खुर्चीत बसून फोन जवळच्या डब्यावर गेलेला असेल आणि मॅक हॉलमधल्यालाच चिकटलेला. विंडोज लॅपटॉपमध्ये इंटेलचं वायफाय कार्ड असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या ॲडव्हान्स्ड टॅबखाली ‘रोमिंग ॲग्रेसिव्हनेस’ नावाची सेटिंग सापडते; ती वाढवली की लॅपटॉप लवकर उडी मारतो. मॅक भारी की विंडोज, यावर घराघरांत झडणाऱ्या चर्चांपैकी बऱ्याच अशा एखाद्या सेटिंगवर मिटाव्यात.

स्वस्त मेशबद्दल थोडं सावध राहा. दोनच बँड असतील आणि डबे बिनतारीच जोडलेले असतील, तर निम्म्या वेगाचा हिशोब तिथेही चुकत नाही. ट्राय-बँड संचात डब्यांच्या आपापसातल्या बोलण्यासाठी एक जादा रेडिओ राखून ठेवता येतो, भावातला फरक बराचसा त्याचाच. खोक्यावर छापलेल्या चौरस फुटांवरही जाऊ नका. लाकडी सांगाड्याच्या पातळ भिंतींतून सिग्नल जसा जातो तसा नऊ इंची विटेतून, आरसीसी स्लॅबमधून किंवा कोकणातल्या जांभ्याच्या भिंतीतून जात नाही. 5 गिगाहर्ट्‌झ तर लवकरच हात टेकतं. मध्ये लोखंडी कपाट असेल तर बोलायलाच नको.

माझं मत विचाराल तर वन बीएचकेला यातलं काहीच नको, राउटर दाराजवळच्या कोपऱ्यातून घराच्या मध्यावर आणा. एकच खोली कच्ची आणि तिथे फक्त फोन चालणार असेल, तर रिपीटर पुरे. दुमजली घर किंवा चालता चालता व्हिडिओ कॉल करणारी मंडळी असतील तर मेश. आणि वायर ओढणं शक्य असेल, तर आधी वायर! कॅट 5ई केबल 100 मीटरपर्यंत 1 जीबीपीएस नेते, मध्ये कितीही भिंती असोत. मेशचे डबे त्या केबलने जोडले की हवेतला सगळा वेळ तुमच्या फोन-लॅपटॉपला मिळतो.

माळ्यावर जुना राउटर पडला असेल तर मेशचीही गरज नाही. त्याचा डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, त्याला मुख्य राउटरच्याच मालिकेतला पण वेगळा, दुसऱ्या कोणाला न दिलेला आयपी द्या, आणि मुख्य राउटरकडून आलेली केबल वॅन (इंटरनेट आत येण्याच्या) नव्हे तर लॅन पोर्टमध्ये लावा. झाला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे राउटरचं काम न करता फक्त वायफाय देणारा डबा. मेश घेतलाच, तर कंपनीच्या फायबर डब्यामागे तो ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवा, नाहीतर दोन राउटर एकामागे एक लागतात आणि गेम किंवा सीसीटीव्ही बाहेरून जोडताना डोकं फिरतं. वीज जात असेल तर आतल्या डब्याचा प्लगही इन्व्हर्टरच्या लाइनवरचा बघा.