नागरी समूहनाच्या बचती

उद्योगसंस्था, कामगार व ग्राहक एका नगरात दाटीने एकत्र आल्यामुळे होणारी उत्पादकतेतील वाढ आणि खर्चातील घट. संस्थेने स्वतःचा आकार न वाढवताही हा लाभ तिच्या पदरी पडतो. म्हणून त्याची गणना बाह्य बचतींत होते.

या कल्पनेच्या उगमाबाबत अभ्यासकांत एकवाक्यता नाही. काही जण तिचे मूळ ॲडम स्मिथपर्यंत (१७७६) नेतात. श्रमविभागणीला बाजारपेठेच्या विस्ताराची मर्यादा असते, हे सांगताना स्मिथने हमालाचा दाखला दिला आहे. नुसत्या हमालीवर पोट भरणे मोठ्या शहरातच शक्य. स्कॉटलंडच्या विरळ वस्तीच्या डोंगराळ भागात शेतकऱ्याला घरच्यापुरता खाटीक आणि पाववालाही स्वतःच व्हावे लागते. तथापि हा युक्तिवाद मुख्यतः बाजारपेठेच्या आकाराचा आहे, सान्निध्याचा नव्हे. जर्मन परंपरेत ॲल्फ्रेड वेबरला (१९०९) श्रेय दिले जाते. वाहतूकखर्च व मजुरीखर्च यांच्या जोडीने समूहन हा उद्योगाच्या स्थाननिश्चितीचा वेगळा घटक त्याने मानला. असे असले, तरी आजच्या मांडणीचा सांगाडा ॲल्फ्रेड मार्शलच्या १८९० मधील ग्रंथात आढळतो व अग्रमान त्यालाच देणे अधिक सयुक्तिक दिसते. शेफील्डचा सुऱ्या-कात्र्यांचा धंदा रुजला तो तेथील सहाणेच्या उत्तम दगडामुळे, असे तो नोंदवतो. एकदा रुजलेला धंदा तेथेच टिकतो, याची त्याने दिलेली कारणे तीन : कसबी कामगारांची कायमची पेठ, अवतीभवती उभे राहणारे पूरक व्यवसाय आणि धंद्यातील खाचाखोचांचा प्रसार. या खाचाखोचा जणू हवेतच असतात आणि मुलेही त्या नकळत शिकतात, असे त्याचे निरीक्षण आहे.

एडगर हूव्हरने १९३७ मध्ये एकाच उद्योगाच्या एकवटण्यातून होणाऱ्या ‘स्थानिकीकरण बचती’ आणि एकूण नगराच्या विस्तारातून होणाऱ्या ‘नागरीकरण बचती’ असा भेद रूढ केला. जेन जेकब्झने (१९६९) उद्योगांच्या विविधतेवर भर दिला. एकाच उद्योगाच्या एकवटण्यातून होणारी बचत की विविधतेतून होणारी, यांपैकी प्रभावी कोणती, हा वाद उद्योगागणिक वेगवेगळा सुटतो.

मापनाचा प्रश्न अधिक बिकट आहे. मोठ्या शहरांतील वेतन जास्त असते, एवढ्यावरून समूहनाचा परिणाम सिद्ध होत नाही. मुळातच कर्तबगार माणसे तेथे जात असतील, तर फरक माणसांचा ठरतो, शहराचा नव्हे. अमेरिकेतील आकडेवारीवरून चिकोने आणि हॉल (१९९६) यांनी रोजगाराची घनता दुप्पट झाल्यास श्रमाची उत्पादकता सुमारे ६ टक्क्यांनी वाढते, असा अंदाज दिला. रोझेंथाल व स्ट्रेंज यांच्या २००४ मधील आढाव्यात शहराचा आकार दुपटीने वाढल्यास होणारी वाढ ३ ते ८ टक्के धरली आहे. फ्रान्समधील कामगारांचा वर्षानुवर्षे माग ठेवणाऱ्या अभ्यासात (२००८) मात्र व्यक्तिगत कौशल्य हिशेबात घेताच हा परिणाम जवळपास निम्म्यावर आला. त्यामुळे वरच्या टोकाचे अंदाज जपूनच वापरावेत. याउलट, शहरात उमगलेले कसब माणसाबरोबर जाते, ही बाब ‘कर्तबगार माणसेच शहर निवडतात’ एवढ्या स्पष्टीकरणात बसत नाही : स्पेनमधील आकडेवारीनुसार मोठ्या शहरात मिळवलेल्या अनुभवाचे वेतनमूल्य ते शहर सोडल्यावरही बऱ्याच अंशी टिकते.

समूहनाला विरोधी शक्तीही आहेत : जागेचे वाढते भाडे, प्रवासात जाणारा वेळ, प्रदूषण. व्हर्नन हेंडरसनच्या प्रतिमानात (१९७४) रहिवाशाचे कल्याण नगराच्या आकारानुसार एका मर्यादेपर्यंत वाढते व पुढे घटते. ही मर्यादा नगरातील प्रमुख उद्योगावर अवलंबून असल्याने सर्व नगरांसाठी एकच इष्टतम आकार संभवत नाही. प्रत्यक्षात नगरे या मर्यादेपलीकडे वाढण्याकडे झुकतात. नव्याने येणारा मनुष्य स्वतःचे भाडे भरतो, पण त्याच्यामुळे इतरांचा रस्त्यावर खोळंबणारा वेळ त्याच्या हिशेबात नसतो. आणि नव्या, लहान नगरात पहिल्याने एकट्याने जाण्यात कोणाचाच फायदा नसतो.