सकल राष्ट्रीय आनंद

सकल राष्ट्रीय आनंद : देशाची प्रगती केवळ उत्पादन व उत्पन्नावरून न ठरवता लोकांचे आरोग्य, वेळ, शेजार, संस्कृती, निसर्ग यांसह जोखण्याची भूतानने घडवलेली पद्धत. ही कल्पना भूतानचे चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांची. १९७९ मध्ये हवानाच्या अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेहून परतताना मुंबई विमानतळावर पत्रकारांनी त्यांना गाठले, तेव्हा राष्ट्रीय उत्पादनापेक्षा राष्ट्रीय आनंद महत्त्वाचा, असे त्यांनी सांगितले. २००८ च्या संविधानात या आनंदाला पोषक परिस्थिती निर्माण करण्यासाठी राज्याने झटावे, असे कलम आले. देशाची किमान ६० टक्के भूमी कायम जंगलाखाली राहील, हेही त्याच संविधानात लिहिले आहे.

मोजमापाचे काम थिंफूच्या भूतान अध्ययन केंद्राने केले. मानसिक स्वास्थ्य, आरोग्य, शिक्षण, वेळेचा विनियोग, संस्कृती, सुशासन, सामाजिक जिव्हाळा, पर्यावरण आणि राहणीमान या ९ क्षेत्रांना सारखेच वजन असून त्यांत ३३ निर्देशक आहेत. या पद्धतीचे खरे मोल तिच्या प्रश्नांत दिसते. काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केले, हे माणसाला क्रमाने विचारतात. स्वयंपाक, मुलांचे संगोपन, घरकाम हे सारे कामाच्या तासांतच धरले जाते. उत्पादनाच्या हिशेबात ज्या बाईचे राबणे कुठेच दिसत नाही, तिचा दिवस इथे मोजला जातो. खेड्यातल्या माणसाला रानटी जनावरांनी पिकाची किती नासाडी केली, हेही विचारतात. जंगल राखण्याची किंमत कोण मोजतो, ते या एका प्रश्नातून कळते. विणकाम, लाकूडकाम अशा १३ पारंपरिक कलांपैकी किती येतात, हाही एक निर्देशक आहे.

सुमारे दोन तृतीयांश निकषांत पुरेशी पातळी गाठलेली व्यक्ती ‘आनंदी’ गणली जाते. बाकीच्यांना ‘अजून आनंदी नसलेले’ म्हणतात, आणि ते नेमके कशात मागे आहेत हे शोधून धोरण ठरवणे हा सगळ्या खटाटोपाचा हेतू. आनंदी गणल्या गेलेल्यांचे प्रमाण २०१० मध्ये ४०.९ टक्के होते, ते २०२२ मध्ये ४८.१ टक्के झाले. म्हणजे निम्म्याहून अधिक लोक अजून त्या रेषेअलीकडे आहेत. हे आकडे सरकार स्वतःच प्रसिद्ध करते, ही गोष्ट मोलाची आहे. भूतानच्याच पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये आनंदाविषयी ठराव केला. २० मार्च हा आंतरराष्ट्रीय आनंद दिन त्यानंतरचा.

पद्धतीवरचे आक्षेप गंभीर आहेत. आनंदाचे आकडे वाढत असतानाच अलीकडे भूतानचे तरुण मोठ्या संख्येने देश सोडून ऑस्ट्रेलियाला जात आहेत. संस्कृतिरक्षणाच्या धोरणाची दुसरी बाजू त्याहून वेदनादायक आहे. १९९० च्या सुमारास दक्षिणेतील नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा समाजातील सुमारे एक लाख लोकांना देश सोडावा लागला व पूर्व नेपाळमधील छावण्यांत वर्षानुवर्षे राहावे लागले. २००७ नंतर त्यांतील बहुतेक जण अमेरिका आणि इतर देशांत स्थायिक झाले. सर्वेक्षण भूतानमध्ये राहणाऱ्यांचेच होते, त्यामुळे त्यांचा आनंद वा दुःख या निर्देशांकात कोठेच नोंदलेले नाही.